घरच्यांचे किस्से आधी घरी सांगा, मग स्टेजवर

तुम्ही विचारलंय की वर्षभर ओपन माइक (नवख्यांना मोकळा असलेला स्टेज) करताय, घरच्यांवरचे किस्सेच सगळ्यांत जास्त चालतात, आणि आता धाकट्या बहिणीने एक व्हिडिओ बघून तुमच्याशी बोलणं बंद केलंय. तर घरच्यांवर विनोद करणं सोडून द्यावं का?

सोडू नका. पण तो व्हिडिओ आज काढून टाका, माझं हे उत्तर पुढे वाचायच्याही आधी. बाकीचं सावकाश बोलू.

मी इंदूरचा. दिवसा हिशेबाची नोकरी, शनिवार-रविवार स्टँडअप. नऊ वर्षं झाली. बहुतेक हिंदीत, गणेशोत्सवात आणि मराठी मंडळांत मराठीत. तुमच्यासारखंच माझंही पहिलं चाललेलं मटेरियल घरातलंच होतं, आणि त्यात माझ्या हातून जी चूक झाली ती मी तुम्हाला सविस्तर सांगणार आहे, कारण तुमच्या बहिणीच्या गप्प बसण्यात मला माझ्या आईचं गप्प बसणं दिसलं.

माझ्या त्या बिटचं, म्हणजे स्टेजवर रंगवून सांगायच्या किश्श्याचं, नाव मी ‘आईचे दोन आवाज’ ठेवलं होतं. आमच्या गल्लीत सकाळी भाजीची गाडी येते. आई गॅलरीतून ओरडते, “भिया, पालक कैसे दी? और धनिया तो डालो यार!” पक्की इंदुरी. एवढ्यात पुण्याच्या मावशीचा फोन येतो आणि त्याच तोंडातून, मध्ये एक श्वाससुद्धा न घेता, “हो ना गं, अगदीच! उकाडा फारच वाढलाय आमच्याकडे.” फोन खांदा आणि कानाच्या मध्ये, एक हात पिशवीत, आणि दोन्ही आवाज एकमेकांना ओलांडून जाताहेत. मी हे स्टेजवर करायचो. समोर बहुतेक हिंदी बोलणारी मंडळी, तरी आईचं मराठी वाक्य मी मराठीतच ठेवलं होतं. अर्थ कळला नाही तरी सूर कळतो, आणि हशा सुरालाच येतो. (हे तुम्हीही करून पाहा. आईचं वाक्य भाषांतर करून सांगितलं की ती आई राहत नाही, कुठल्याही घरातली कुठलीही बाई होते.)

चाळीस खुर्च्यांचा कॅफे होता, पहिल्याच दिवशी बिट उचलला गेला. मी रेकॉर्डिंग टाकलं. तीन दिवसांनी कुणीतरी ते घरच्या ग्रुपवर आणलं. सगळ्यांनी हसणाऱ्या स्मायली टाकल्या, आईनेही टाकली. मी समजलो, झालं, आवडलं.

पुढच्या रविवारी अकराच्या सुमाराला नेहमीप्रमाणे मावशीचा फोन आला. आई मेथी निवडत होती. तिने पदराला हात पुसले, फोन उचलला, गॅलरीत गेली आणि मागे दार ओढून घेतलं. आमच्या गॅलरीचं दार पाऊस आत येतो तेव्हाच लागतं. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. मी अर्धवट निवडलेल्या मेथीसमोर बसून राहिलो. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी विचारलं.

तेव्हा कळलं. एकोणीस वर्षांची असताना आई चुलतबहिणीच्या लग्नाला पुण्याला गेली होती. स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, “मी सब्जी चिरू का?” आणि नंतर, “मी नहाऊन येते.” आठ-दहा बायका हसल्या. लग्नाच्या चारही दिवस तिला सगळे ‘सब्जीवाली’ म्हणत होते. इंदूरला परत आल्यावर ती वाचनालयातून मराठी मासिकं आणून गच्चीवर मोठ्याने वाचायची, शब्द घोटून घ्यायची. मी ज्याला तिचा पुणेरी आवाज म्हणून खोटं ठरवत होतो, तो तिने असा कमावलेला होता. आणि चाळीस वर्षांनी तिच्या मुलाने माइक हातात घेऊन त्या लग्नाच्या चार दिवसांना पाचवा दिवस जोडला.

आपल्याला मटेरियल मिळतं ते माणसं घरात बेसावध असतात म्हणून. बाहेर सगळेच सांभाळून वागतात, घरी नाही. आपण ते बेसावधपण उचलून चाळीस अनोळखी लोकांसमोर ठेवलं की घरातलं माणूस आपल्यासमोरही सांभाळून वागायला लागतं. कलाकार म्हणून यात नुकसान आहेच, पण ते मागाहून लक्षात येतं. आधी लक्षात येतं ते बंद दार.

आता तुम्ही म्हणाल, मराठी माणूस घरच्यांची टिंगल करतच आलाय. खरं आहे. भोंडला घ्या. आश्विनात पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा आणि सासू-सासरा-नणंद सगळ्यांची यथेच्छ उतरवायची. इथे माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात, तिच्या गाण्यांतही सासर सुटत नाही. पण माझ्या आजीच्या अंगणातला भोंडला मी पाहिलाय. ज्या सासूवर गाणं चालू असायचं ती ओट्यावर बसून ऐकत असायची, आणि फेर संपला की तीच आतून खिरापत आणायची. थट्टा तिच्या देखत होती, तिच्याच अंगणात होती. मला वाटतं सगळा फरक इथे आहे.

आणि आपल्या एकपात्रीची जी परंपरा आहे तिच्यात पात्राचा पडदा होता. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये डॉ. लक्ष्मण देशपांडे एकटे स्टेजवर ५२ पात्रं उभी करायचे, पण प्रेक्षक ती पात्रं म्हणूनच बघायचे. स्टँडअपवाला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कपड्यांत उभा राहतो आणि ‘माझी आई’ म्हणतो. तो पडदा नाही. शेजारीण दुसऱ्या दिवशी जिन्यात आईला विचारते, “काय हो, कोथिंबीर फुकट मिळाली का?” हा प्रसंग आमच्याकडे घडलाय.

आमच्या गावचंच उदाहरण द्यायचं तर स्टँडअप करणारा झाकीर खान. २०१२ मध्ये कॉमेडी सेंट्रलची स्पर्धा जिंकला, ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत कार्यक्रम केला. इथली नवी मुलं त्याच्याकडून ‘भाई’ म्हणायची ढब उचलतात. मला त्याच्याकडून घ्यायचं वाटतं ते वेगळंच. २०२२ च्या ‘तथास्तु’ या त्याच्या कार्यक्रमात तो आजोबांबद्दल, म्हणजे सारंगीवादक उस्ताद मोइनुद्दीन खान यांच्याबद्दल बोलतो. लोक हसतात, रडतातही, आणि शेवटी आजोबांबद्दलचा आदर वाढलेला असतो. हसू नातवाच्या धडपडीवर येतं, म्हातारा माणूस उघडा पडत नाही.

माझ्या वडिलांचं सांगतो, कारण तिथे मी आधी विचारलं होतं आणि त्यातून काय मिळतं ते मला तिथे कळलं. १९९० च्या आसपास इंदूरच्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडायला लागल्या. बाबा एका गिरणीत कारकून होते. गिरणी बंद झाल्यावर कित्येक महिने ते सकाळी साडेसातला घरातून निघायचे, संध्याकाळी परत यायचे. आजीला कळू द्यायचं नव्हतं. मी तेव्हा सहा वर्षांचा. मोठेपणी मला हे कळलं आणि मी त्यावर लिहिलं: एकटा माणूस, हातात डबा, नेहरू पार्कच्या बाकावर बसून फाइल नसलेल्या ऑफिसची वेळ भरतोय. लिहिलेलं उदास होतं, हसू येत नव्हतं. एका रात्री जेवणं झाल्यावर बाबांना वाचून दाखवलं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “डबा नव्हता, पिशवी होती. आणि एकटा कुठे होतो? आम्ही सात जण होतो.”

मग पुढचा तासभर ते बोलत होते. सात जण, सगळे त्याच गिरणीतले, सगळे घरी न सांगता निघालेले. पहिल्या दिवशी पार्कच्या फाटकाशी एकमेकांना बघून प्रत्येकाने “इथे एक काम होतं” असं सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी हजेरी सुरू केली. खरंच, वहीत. उशिरा येणाऱ्याने चहा पाजायचा. एकाची रजा त्यांनी नामंजूर केली. हे मला कुठल्याही कल्पनाशक्तीने सुचलं नसतं. आज तो माझा सगळ्यांत चांगला बिट आहे, अकरा मिनिटांचा, आणि त्यातलं जे जे काही चालतं ते बाबांनी दिलेलं आहे. त्यांच्या अटी दोनच. बाकी सहांची नावं किंवा ओळख पटेल असं काही घ्यायचं नाही. आणि हा बिट फक्त समोर बसलेल्यांना ऐकवायचा, नेटवर टाकायचा नाही. मी दोन्ही पाळतो. गिरण्या गेल्या पण अनंत चतुर्दशीला त्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) अजून निघतात, आणि बाबा अजून रात्रभर जागून बघतात. त्या रात्री त्या सहांपैकी जे हयात आहेत ते भेटतात.

परवानगी मागितली की धार जाते असं आपल्या क्षेत्रात सर्रास म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. तुम्हाला किस्सा बाहेरून दिसतो, ज्याने भोगला त्याला आतून माहीत असतो. न विचारता लिहिलं की आपण बाहेरून दिसलेलंच लिहितो, आणि ते दहा जणांसारखंच निघतं. सगळ्यांची आई फोनवर मोठ्याने बोलते, सगळ्यांचे बाबा पंखा बंद करतात.

एक अपवाद मात्र मी मनापासून मानतो. घरात ज्याने मार खाल्ला, ज्याचा अपमान झाला, त्याने मारणाऱ्याची परवानगी मागायची गरज नाही. ती गोष्ट त्याची स्वतःची आहे. तिथे मी त्या माणसाला एवढंच विचारेन की तू हे सांगण्याइतका सावरला आहेस का, शो संपल्यावर खोलीवर एकटा गेल्यावर तुझ्यासोबत कोण असतं.

आणि लहान मुलं. माझी भाची अकरा वर्षांची आहे, इतकं सुंदर बोलते की रोज एक बिट निघेल. मी काढत नाही. ती आज हसत “हो मामा, सांग” म्हणेल, पण सतराव्या वर्षी कॉलेजात कुणीतरी तो व्हिडिओ उघडेल तेव्हा तिचं आजचं ‘हो’ तिच्या कामाला येणार नाही. माझ्या आत्याबद्दलही मी स्टेजवर काही सांगत नाही. ती नको म्हणाली, कारण दिलं नाही, मी विचारलंही नाही.

घरी ऐकवताना एक करा, अभिनय करू नका. साधं वाचा. हशा वसूल करायला गेलात की समोरचा माणूस प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षक भिडेखातर हसतो. आईने टाकलेली ती स्मायली तशीच होती. हसले की नाही ते बघू नका. कुठल्या शब्दाला मान खाली गेली, कुठे हातातलं काम थांबलं, ते बघा. तो शब्द काढा.

आईचा बिट मी पूर्ण टाकून दिला. दोन-तीन महिन्यांनी तिनेच विषय काढला. म्हणाली, “माझं मराठी सांगितलंस ना, आता तुझ्या मावशीचं हिंदी सांग.” मावशी इंदूरला आली होती तेव्हा सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारात, दहीवडेवाल्याला म्हणाली होती, “भैया, मेरेको तिखट नको, और दही थोडा ऊपर से सोडो.” आई हे सांगताना डोळे पुसून हसत होती, आजवर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, मावशीला विचारावं लागेल. तिने तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. मावशी म्हणाली, “सांग की! पण लग्नातलं सब्जीचंही सांग. हसणाऱ्यांत मी होते, हेही सांग.” दोघीही थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. आता बिट तसाच आहे: दोन बहिणी, दोन गावं, प्रत्येकीची एक भाषा मोडकी, आणि मध्ये त्यांचा मुलगा जो दोन्हींत बोलून पोट भरतो.

तुमच्या बहिणीकडे जाताना सुधारलेला बिट घेऊन जाऊ नका. “तू हे असं का करायचीस ते मला माहीत नव्हतं, सांगशील का” एवढंच विचारा. तिने नाही सांगितलं तर तो किस्सा संपला, दुसरा लिहा. विनोद होता, एवढं काय, हे वाक्य तोंडून काढू नका. आणि घाई करू नका. माझ्या आईने तिसऱ्या रविवारी सगळं सांगितलं, तरी फोनच्या वेळी गॅलरीचं दार पुन्हा सताड उघडं राहायला दिवाळी उजाडली.