अडीच तास थांबले, पंधरा मिनिटांत परतले

प्रश्न : मी कोल्हापूरची असून सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये मला सहा वर्षांचा अनुभव आहे. दीड महिन्यापूर्वी हिंजवडीतील एका मोठ्या कंपनीने मला शनिवारी सकाळी दहा वाजता मुलाखतीला बोलावले होते. रात्रीच्या गाडीने निघून पहाटे वाकडला उतरले, मैत्रिणीच्या खोलीवर आवरले आणि साडेनऊलाच कंपनीच्या दारात हजर झाले. गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला अडकवून अडीच तास बसवून ठेवल्यावर आत बोलावणे आले. समोरच्या दोघांपैकी एकाची मान लॅपटॉपमधून वर आली नाही, दुसरे माझा बायोडेटा तेव्हाच पहिल्यांदा चाळत होते. वडिलांच्या आजारपणामुळे मी चौदा महिने घरी होते, हे दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेले असताना पहिलाच प्रश्न आला, ‘हा गॅप का?’ मग पुण्यात पेट्रोल पंप किती असतील, असे विचारले. आणि शेवटी, लग्न ठरले आहे का, ठरल्यावर पुण्यातच राहणार का. टेस्टिंगविषयी एक अक्षरही न विचारता ‘एचआर कळवतील’ असे सांगून मला वाटेला लावले. त्यानंतर पाठवलेल्या दोन ईमेलना उत्तर नाही. मी कुठे कमी पडले, हे कळण्याचा मला हक्क नाही का? आणि तिथे पुन्हा अर्ज करावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हक्काचे आधी सांगते, कारण तिथे निराशाच पदरी पडणार आहे. खासगी कंपनीने उमेदवाराला नाकारण्याचे कारण दिलेच पाहिजे, असे बंधन आपल्याकडे नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदा सरकारी यंत्रणांना लागू होतो. मुलाखत सार्वजनिक क्षेत्रातील बँकेची असती, तर स्वतःचे गुण त्याखाली मागता आले असते.

मात्र ‘मी कुठे कमी पडले’ हा प्रश्न तुम्ही मनातून काढून टाकावा. ज्या कामासाठी बोलावले, त्याविषयी काही न विचारता तुमचे मोजमाप झाले तरी कसे? सर्व उमेदवारांना कामाशी निगडित तेच प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणारी मुलाखत ही मनाला येईल ते विचारणाऱ्या मुलाखतीपेक्षा पुढील कामाचा अधिक चांगला अंदाज देते, हे फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवून दिले होते. कोड्यांचे म्हणाल, तर गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच, अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय असून विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचे समाधान तेवढे मिळते, अशी कबुली दिली होती. गंमत म्हणजे त्यांनी दिलेले एक उदाहरण मॅनहॅटनमधील पेट्रोल पंपांचेच होते! तिकडे टाकून दिलेले कोडे इकडे शहराचे नाव बदलून अजून चालते आहे.

लग्नाचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते आणि त्या पगाराचा भार मालकावर पडतो. या चौकशीमागे बहुतेक वेळा तोच हिशेब असतो. नोकरभरतीत स्त्री म्हणून डावलण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती आणि ती तरतूद २०१९ च्या वेतन संहितेतही आली आहे. तरीही त्या एका प्रश्नामुळेच तुम्हाला नाकारले, हे सिद्ध करणारा पुरावा तुमच्या हाती नाही, म्हणून तक्रार लढवण्याच्या भरीस मी तुम्हाला घालणार नाही. पुढे कोणी असे विचारले, तर लग्नाविषयी काहीच न बोलता ‘या पदासाठी पुण्यात राहण्याची माझी तयारी आहे’ एवढेच सांगावे. विचारणाऱ्याला खरोखर राहण्याचीच काळजी असेल, तर त्याचे समाधान तेवढ्यात होते.

एका बाबतीत तुमचेही चुकले. अडीच तासांत रिसेप्शनवर जाऊन एकदाही विचारणा केल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. अर्ध्या-पाऊण तासानंतर, ज्यांनी बोलावले त्यांना फोन करून किती वेळ लागेल हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

आता तिसरा ईमेल एचआरच्या वरिष्ठांना पाठवा, पण तो दहा ओळींच्या आत ठेवा. तारीख, बोलावलेली वेळ, प्रत्यक्ष आत घेतलेली वेळ आणि विचारलेले तिन्ही प्रश्न तसेच्या तसे लिहा. ‘अपमान’, ‘मनस्ताप’ हे शब्द टाळा, कारण घड्याळाचे आकडे तेच काम अधिक नीट करतात. आठ दिवसांत उत्तर आले नाही, तर विषय सोडून द्या.

पुन्हा अर्ज करायला माझी हरकत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीत एका विभागाची मुलाखत घेणाऱ्यांचा दुसऱ्या विभागाशी अनेकदा काडीचाही संबंध नसतो, आणि त्या दोघांवरून सगळ्या कंपनीची परीक्षा करणे म्हणजे पंधरा मिनिटांत त्यांनी तुमची केली तशीच होईल. आत कोणी ओळखीचे असेल, तर त्या विभागाचे वातावरण आधी विचारून घ्या. बोलावणे आले की पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर घेण्याची विनंती लेखी करा आणि प्रत्यक्षच यावे लागणार असेल, तर प्रवासखर्च मिळेल का हे तिकीट काढण्याआधी विचारा. कोल्हापूर ते हिंजवडी येऊनजाऊन साडेचारशे किलोमीटरांच्या वर जाते.