आधी दारू सोडू की आधी मनाचं बघू?

दारू आणि डिप्रेशन दोन्ही असलेल्या माणसानं आधी कुठं जायचं, हा गोंधळ या वेळच्या पत्रांतही आहेच. म्हणून सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न (इचलकरंजी) : डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. लग्नात एखादी बिअर चालेल का?

नाही. आणि बिअरसाठी त्या दिवशीची गोळी परस्पर चुकवूही नका.

प्रश्न (कागल) : नवरा दवाखान्यात यायला तयार नाही. चहातून द्यायची एक पावडर ऑनलाइन मिळते. ‘आयुर्वेदिक आहे, त्यांना कळतही नाही’ असं सांगतात. देऊ का?

ताई, देऊ नका. त्या पुडीत काय आहे ते विकणारा सांगत नाही. त्यात दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि वरून त्यांनी दारू घेतली, तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी उतरतं. जिवावरही बेतू शकतं. हे औषध थांबवल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. आम्हीही ते वापरतो, पण पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं आणि लिव्हर-हृदय तपासून. आधीच खचलेल्या माणसाला ‘बायकोनं चहातून काहीतरी घातलं’ असं कळलं, की तो पुढं कुणाचंच ऐकत नाही. ते येत नसतील तर तुम्ही एकट्या या. घरच्यांपासूनही उपचाराची सुरुवात होते.

प्रश्न (शिरोली) : फौंड्रीत कामाला आहे. दोन वर्षं कशात मन लागत नाही, रोज क्वार्टर लागते. व्यसनमुक्तीवाले म्हणाले, डिप्रेशनचं बघून या. दुसरीकडं म्हणाले, आधी दारू सोडा, मग या.

तुम्हाला असं दोन दारांत फिरवलं याचा मला मनापासून राग येतो. दोन्ही आजार एकाच माणसात असतील तर उपचारही एकत्रच सुरू करायचे असतात. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. पहाटे जाग येते, जीव घाबरतो, दिवस जड जातो आणि संध्याकाळी पाय पुन्हा दुकानाकडं वळतात. यात दारूमुळं आलेली उदासी किती आणि मूळचं डिप्रेशन किती, हे पहिल्या भेटीत कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. दारू बंद झाल्यावर बऱ्याच जणांची उदासी दोन ते चार आठवड्यांत उतरते. ज्यांची उतरत नाही, त्यांना गोळ्या लागतात; आजार तीव्र असेल तर गोळ्या सुरू करायला तेवढे आठवडेही थांबायचं नसतं. पण ते आठवडे माणसाला नुसतं घरी बसवून ठेवायचे नसतात. बोलण्यातून होणारे उपचार पहिल्या दिवसापासून सुरू होतात.

पहिल्या भेटींत उपदेश नसतो. दारूतून काय मिळतं, तिच्यापायी काय गेलं आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, हे तुमच्याच तोंडून यावं लागतं. मग वही. ‘पहिली पाळी. सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला. घरी आलो, कुणाशी बोललो नाही. सात वाजता क्वार्टर.’ एवढंच, पण रोज. थोड्या दिवसांत दिसायला लागतं की पिण्याची वेळ सातची असली तरी विचार दुपारीच सुरू झालेला असतो: ‘आपली काही किंमतच नाही.’ त्या विचाराशी कसं भिडायचं आणि सात वाजता दुसरं काय करायचं, याचा सराव आम्ही करून घेतो. डिप्रेशननं बंद पाडलेली कामं पुन्हा सुरू करतो. डेअरीला दूध घालायला स्वतः जाणं, रंकाळ्याला एक फेरी मारणं. मन लागेल तेव्हा नव्हे, ठरल्या वेळी. मन मागून येतं.

हे मोठ्या शहरातल्या महागड्या दवाखान्यांचं काम आहे, असं समजू नका. शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांकडून, डिप्रेशनसाठी सहा ते आठ आणि घातक मद्यपानासाठी चारपर्यंत बैठका घेऊन दोन वेगवेगळे अभ्यास झाले. दोन्हींत फायदा दिसला. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. तुमची मात्र रोजची सवय आहे, म्हणून समुपदेशकाबरोबर मानसोपचारतज्ज्ञही हवा. दोघांनी एकमेकांशी बोलून उपचार ठरवावेत, असा आग्रह तुम्हीच धरा.

प्रश्न (गडहिंग्लज) : वडील 20 वर्षं रोज पितात. एकादशीला माळ घालून एकदम बंद करणार आहेत.

माळ जरूर घालावी, तिचा आधार मोठा असतो. पण त्याआधी डॉक्टरांना भेटा. इतक्या वर्षांची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम होतो, माणसं ओळखू येत नाहीत, आणि हे प्राणघातक ठरू शकतं. हात थरथरायला लागले म्हणून गावात परस्पर ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका; आधी बी-1 जीवनसत्त्व द्यावं लागतं.

प्रश्न (कोल्हापूर) : उपचार घेतले तर ऑफिसात कळेल का?

आमच्याकडून नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

प्रश्न (राधानगरी) : भाऊ पिल्यावर म्हणतो, ‘मला जगायचंच नाही.’ सकाळी विचारलं तर हसतो. दारूतलं बोलणं मनावर घ्यावं का?

घ्यावंच. डिप्रेशन आणि दारू एकत्र असताना आत्महत्येचा धोका वाढतो, कारण नशेत स्वतःला आवरण्याची ताकद कमी होते. सकाळी शुद्धीवर असताना सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. शेतीची औषधं आज घरातून हलवा आणि त्याला एकटं सोडू नका. 14416 ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे. या आठवड्यातच कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या तज्ज्ञाकडे न्या. पुन्हा तसं बोलला, तर रात्र असली तरी थेट अपघात विभागात न्या.