'लाइटइयर' समलिंगी पात्रामुळे पडला का?
नाही, फक्त त्यामुळे नाही. डिस्नेच्या पिक्सार स्टुडिओने २०२२ मध्ये आणलेल्या या अ‍ॅनिमेशनपटात अलीशा हॉथॉर्न हे पात्र आणि तिच्या पत्नीचं चुंबन जेमतेम दोन-चार क्षणांचं आहे. संयुक्त अरब अमिरातीत त्यावरून बंदी आली, मलेशियात कात्री लावायला डिस्नेने नकार दिला. तिथली कमाई गेली हे खरं. पण मोठा फटका खुद्द अमेरिकेत बसला, जिथे दृश्य जसंच्या तसं दाखवलं गेलं. पहिल्या तीन दिवसांत सुमारे ५ कोटी डॉलर. 'टॉय स्टोरी ४' ने तेवढ्याच दिवसांत १२ कोटी कमावले होते. कारणं:

- चित्रपटाचा नायक बझ हा 'टॉय स्टोरी'तला खेळण्यातला बझ की दुसराच कोणी, हे जाहिरातींतून कळेना, आवाजही बदललेला.
- 'सोल', 'लुका', 'टर्निंग रेड' थेट ओटीटीवर आल्याने पालकांना घरी थांबायची सवय लागली होती.
- समोर 'टॉप गन' आणि 'जुरासिक' होते.

काही अमेरिकी पालकांनी या दृश्यामुळे पाठ फिरवली असणारच, मात्र तो वाटा वेगळा काढता येत नाही. समलिंगी पात्रं असलेल्या 'निमोना' या अ‍ॅनिमेशनपटाला ऑस्कर नामांकन मिळालं, हा दाखला अशा पात्रांमुळे चित्रपट पडत नाही म्हणणारे देतात; पण तो नेटफ्लिक्सवर आला, त्यामुळे तिकीटबारीसाठी तो पुरावा धरू नका.