सेजमधली राशी सिम्पायमध्ये कशी न्यावी?

फर्मागुडीच्या (गोवा) तुमच्या प्रकल्पात तुम्ही सेज या गणिती सॉफ्टवेअरमधली राशी (एक्सप्रेशन) आधी स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, करून सिम्पाय या पायथनच्या बीजगणिती लायब्ररीत नेताय. त्याऐवजी राशी 'एफ' न्यायला एफ._सिम्पाय_() (f._sympy_()) ही मेथड वापरा; जे मिळेल त्यावर ._सेज_() (._sage_()) चालवलं की ती परत सेजमध्ये येते. तुम्ही करताय तसं आधी स्ट्रिंग करून सिम्पीफायला (sympify, मजकुरातून राशी बनवणारं सिम्पायचं फलन) देऊ नका. सेज घातांकी फलन छापताना लहान ई (e) वापरतं, सिम्पायचा ऑयलरचा स्थिरांक मात्र मोठा ई (E). त्यामुळे ई^क्ष मधला ई साधं चल होऊन बसतो आणि अवकलनाच्या उत्तरात ई^क्ष सोबत नको तो लॉग(ई) येतो. चलाचं नाव बीटा किंवा गॅमा असेल तर आणखी वाईट, कारण स्ट्रिंगमधून ती सिम्पायची त्याच नावाची फलनं समजली जातात. मेथडने नेल्यास हे दोन्ही टळतं.

एक गोष्ट मात्र मेथडही नेत नाही: गृहीतकं. सेजमध्ये अझ्यूम(क्ष > 0) लिहिलेलं असलं तरी सिम्पायमध्ये साधाच क्ष पोहोचतो, म्हणून वर्गमूळ(क्ष²) तसंच राहतं. तिथे पॉझिटिव्ह=ट्रू देऊन नवा क्ष बनवा आणि जुन्याच्या जागी तो सब्स (subs) या मेथडने घाला. हे पाऊल गाळून दोन्ही क्ष एकाच राशीत मिसळले तर छापल्यावर सारखेच दिसतात, पण त्यांची वजाबाकी शून्य होत नाही. ही चूक शोधायला फार वेळ जातो. आणि सेजमध्ये सिम्पाय इम्पोर्ट करताना तारांकित इम्पोर्ट (from sympy import *) टाळाच, नाहीतर सेजची साइन, कॉस ही फलनं सिम्पायच्या त्याच नावाच्या फलनांखाली झाकली जातात.