पणजोबांच्या पलीकडे एकही नाव माहीत नाही. घराण्याचा शोध कुठून सुरू करू? आणि पूर्वजांकडून खरंच प्रेरणा मिळते का?

मी इतिहासाची अभ्यासक नाही, बँकेत नोकरी करते. पण सांगली जिल्ह्यातल्या आमच्या दुष्काळी गावचे चार पिढ्यांचे कागद गोळा करण्यात तीन वर्षं घातलीत. त्यातलं कामाचं तेवढं सांगते.

आधी एक विनंती. मूळपुरुष शोधायला निघू नका. आमच्याकडेही लहानपणापासून ऐकवलं जायचं की आपला मूळपुरुष पानिपतावर पडला. असं सांगणारी घरं मी इतकी पाहिलीत की ते सगळे खरंच तिथे असते तर अब्दालीला उभं राहायला जागा मिळाली नसती. 1761 पर्यंत मागे जायला वतन, इनाम असं काहीतरी लागतं; त्यांचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात असू शकतात. आमच्यासारख्या साध्या शेतकऱ्याचे कागद शे-सव्वाशे वर्षं मागे जातात आणि तिथे संपतात.

सुरुवात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून करा. पुरुषांना विचारलं की बांधाची भांडणंच ऐकायला मिळतात. माझी चुलतआजी, म्हणजे आजोबांच्या धाकट्या भावाची बायको, नव्वदी ओलांडलेली. तिला साल एकही सांगता येईना, पण सासूकडून ऐकलेलं ती बोलून गेली: "मानमोडीत मामंजी गेलं, आन् पाठोपाठ पोरगी." मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा. या एका शब्दावरून मला साल मिळालं. आणि आजोबांना बहीण होती हेही तेव्हाच कळलं. आमच्या वंशावळीत ती नाही.

साल मिळालं की तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन गाव नमुना 14 मागायचा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल त्यात नोंदवायचा. माझ्या तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा 'एवढं जुनं नसतं', दुसऱ्यांदा 'साहेब मीटिंगला', तिसऱ्यांदा गठ्ठा समोर आला. कुणबी नोंदींची शोधमोहीम 2023 पासून सुरू झाल्यावर हे गठ्ठे झटकले गेलेत, त्यामुळे तुम्हाला कदाचित सोपं जाईल. मात्र जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. मोडी लिहिताना आधी रेघ ओढून मग अक्षरं लटकवतात आणि दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे पहिला महिनाभर सगळ्या मुंग्याच दिसतात. नावं आणि आकडे ओळखण्यापुरती मोडी मला चार महिन्यांत आली.

ऑक्टोबर 1918 ची पानं उलटताना मला मध्येच थांबावं लागलं. एरवी ज्या गावात महिन्याला चार-पाच मृत्यू, तिथे पानंच्या पानं भरलेली, कारणाच्या रकान्यात खालपर्यंत 'ताप'. त्यात पणजोबा सापडले. त्यानंतर सहा दिवसांनी त्यांची आठ महिन्यांची मुलगी. नावाच्या रकान्यात नुसतं 'मुलगी'.

मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकी-हक्कातल्या बदलांच्या नोंदी. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्यासाठी याच्याइतकं बोलकं दफ्तर नाही. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर काही भागांतले जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेत, आधी तिथे पाहा. शोधताना जिल्हा तपासा. आमचं गाव 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होतं, मग दक्षिण साताऱ्यात, आणि 1960 ला त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. मराठवाड्यातले असाल तर कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या काळातलं महसुली, मिळेल. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतं. जमीन नसेल तर शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. गाव, जात, बापाचं नाव त्यात पक्कं असतं. जन्मतारखेवर मात्र जाऊ नका, अर्धं गाव 1 जूनला जन्मलेलं असतं.

आमच्या 1919 च्या फेरफारात दोन मुलगे वारस लागलेत, वय 5 आणि 3, पुढे 'अ. पा. क. आई'. अज्ञान पालन कर्ता, म्हणजे अल्पवयीन वारसांची पालक. पणजीचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा दिसतं ते असं.

दुसरा कागद चुलतआजीच्या ट्रंकेत निघाला: 90 रुपयांचं गहाणखत. पणजीचं नाव, मग 'कोम' आणि नवऱ्याचं नाव. (बापाचं नाव जोडायला 'बिन' किंवा 'वलद', नवऱ्याचं जोडायला 'कोम'. हे ठाऊक नसेल तर बायको आणि मुलगी यांत घोटाळा होतो, माझा झाला.) खाली सहीच्या जागी एक वेडंवाकडं वर्तुळ, शेजारी लिहिणाऱ्याच्या अक्षरात 'निशाणी बांगडी'. लिहिता न येणारे कुणबी सहीऐवजी नांगर काढायचे, बाया बांगडी. कागदाची तारीख पणजोबा गेल्यानंतर पाच महिन्यांची आहे. तेव्हा तिच्या हातात बांगडी नव्हती.

1931 चा फेरफार सांगतो की गहाण फिटलं. मधली बारा वर्षं तिने काय केलं, कुणाच्या रानात राबली, काय विकलं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

बाकीचं थोडक्यात. कोल्हापूर-सांगलीकडे सुगीनंतर बैलावरून हेळवी यायचे आणि धान्य घेऊन पिढ्या वाचून दाखवायचे. तुमच्या गावाचा हेळवी कोण ते विचारा. नाशिक, त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांतही नावं असतात, पण घरातलं कुणी तिथे गेलं असेल तरच. आमच्यातलं कुणी गेलेलं नव्हतं.

आता प्रेरणेचं. हा शब्द भाषणातला वाटतो, म्हणून फक्त घडलं ते सांगते. वडील गेल्यावर वारस नोंदीच्या वेळी हक्कसोडपत्र टाइप होऊन तयार होतं. "ताई, रीत आहे, बहिणी सही करतात." कायद्याने मुलीचा हिस्सा आहे हे मला आधीही माहीत होतं, रोज कर्जाची कागदपत्रं तपासते मी. तरी त्या कागदावर बहुतेक सही केली असती. पण त्याच आठवड्यात गहाणखत वाचलं होतं आणि सहीची जागा पाहिली की ते वर्तुळ दिसायचं. मी सही केली नाही. भाऊ चार महिने बोलला नाही, आता बोलतो.

सातबारावर माझं नाव लागलं तेव्हा उतारा चुलतआजीला नेऊन दाखवला. तिला वाचता येत नाही. नाव कुठंय ते बोटाने दाखवून घेतलं आणि म्हणाली, "सही कशात करतीस गं, विंग्रजीत का मराठीत?"

मराठीत, म्हटलं.