वाचकांचे प्रश्न : ऑईल प्रेशरचा सेन्सर स्वतः बदलताना

प्रश्न : आमचा सहा चाकी ट्रक ऊस हंगामात कारखान्याच्या यार्डात तासन्‌तास आयडलवर उभा असतो. इंजिन तापलं की ऑईलचा दिवा लुकलुकतो, थोडी रेस दिली की विझतो. सेन्सरच्या बुडाला ऑईल झिरपलेलं आहे. नवीन आणून स्वतःच बदलावा म्हणतो. कसा बदलू?
– एक ट्रकमालक, कागल

उत्तर : पाना धरायची सवय असेल तर तासाभराचं काम आहे, जरूर करा. पण आधी एक विनंती आहे. नवा सेन्सर बसवण्याआधी खरं प्रेशर मोजा. तापल्यावर आयडलला लुकलुकणं आणि रेसवर विझणं हे सेन्सर बिघडल्यावर होतं, तसंच बेअरिंग झिजल्यावरही होतं. बुडाला झिरपलेलं ऑईल बघून सेन्सर गेलाय एवढंच कळतं, प्रेशर चांगलं आहे की नाही ते कळत नाही. दोन्ही बिघाड एकाच वेळी असू शकतात.

सुरुवात डिपस्टिकपासून करा. गाडी सपाटीला उभी करून इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग पातळी बघा. पट्टीवरचा एक थेंब अंगठा आणि बोटात चोळा. डिझेलचा वास आला, ऑईल पाण्यासारखं पातळ लागलं किंवा पातळी भरलेल्यापेक्षा वर गेलेली दिसली, तर डिझेल ऑईलमध्ये उतरतंय. तासन्‌तास आयडलवर राहणाऱ्या गाडीत हे होतं, आणि पातळ ऑईल तापल्यावर प्रेशर धरत नाही. थेंब दुधाळ चहासारखा दिसला तर कूलंट शिरलंय. या दोन्ही अवस्थांत सेन्सर बाजूला ठेवा आणि ते आधी निस्तरा.

पातळी आणि ऑईल ठीक असेल तर पुढं जा. लागणारं सामान : नवा सेन्सर, 0 ते 10 बारचं काट्याचं प्रेशर गेज, त्याची नळी आणि तुमच्या आट्याचा अडॉप्टर, सहा कोनी खोल सॉकेट (बहुतेक वेळा 24 किंवा 27 मिमी, पण मोजून घ्या), कॉन्टॅक्ट क्लीनर, थ्रेड सीलंट, ब्रश आणि सुती फडकी. अडॉप्टर नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून मिळतो, जुना सेन्सर नमुन्याला न्या.

गाडी सपाटीला, हँडब्रेक, चाकांना ठोकळे. केबिन उचलायची असेल तर आतलं सुटं सामान काढा आणि टेकूचं लॉक बसल्याची खात्री करूनच खाली हात घाला. इंजिनवर हात टेकवता येईल इतकं निवू द्या. बॅटरीचं मायनस काढा. बीएस-6 गाडी असेल तर चावी बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबून मग काढा, कारण त्या वेळात युरियाची (धूर साफ करणाऱ्या द्रवाची) लाईन रिकामी होत असते.

सेन्सर सहसा ब्लॉकच्या बाजूला, ऑईल फिल्टर किंवा कूलरच्या आसपास असतो. पाना लावण्याआधी तिथला चिखल, उसाचं पाचट, ऑईलचा थर डिझेल आणि ब्रशने काढा, हवा मारा, फडक्याने पुसा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि सगळ्यांत जास्त नुकसान इथंच होतं. ते भोक बहुतेक इंजिनांत फिल्टरनंतरच्या मुख्य गॅलरीत, म्हणजे बेअरिंगकडे ऑईल नेणाऱ्या वाटेत, उघडतं. तिथून आत पडलेला वाळूचा कण फिल्टर पकडू शकत नाही, तो थेट बेअरिंगवर जातो.

कनेक्टरची खिटी दाबून काढा, वायर धरून ओढू नका. वर नटाने आवळलेली वायर असेल तर खालचा नट दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर टर्मिनल आतल्या आत फिरतं. कनेक्टरच्या आत ऑईल दिसलं तर सेन्सरचा पडदा फाटला आहे. ते ऑईल वायरच्या आतून वर चढतं. म्हणून कनेक्टर क्लीनरने धुवा आणि पुढची वीतभर वायर दाबून बघा. कडक किंवा चिकट झाली असेल तर तेवढा तुकडा बदला.

मग सॉकेट षटकोनावर पूर्ण बसवून सेन्सर सोडवा. सेन्सरच्या गोल डबीला पाईप पाना लावू नका, ती दाबून जोडलेली असते, निखळून हातात येते आणि आटे आत राहतात. खाली डबा धरा. इंजिन बंद असताना चार-दोन चमचे ऑईल येतं, चेंबर (इंजिनखालची ऑईलची टाकी) रिकामं करायची गरज नाही.

आता त्याच भोकात गेज लावा. नळी फॅन, बेल्ट आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा. सुटे टर्मिनल झाकून बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत चालू द्या. थंड इंजिनचा आकडा बघून समाधान मानू नका, थंड ऑईल सगळी झीज झाकतं. अंदाजासाठी, कमिन्सच्या 5.9 लिटर बी सीरिजला तापल्यावर आयडलला किमान 0.7 बार (10 पीएसआय) आणि 2500 आरपीएमला 2 बार (30 पीएसआय) लागतं. तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमधून घ्या.

गेजवर प्रेशर पुरेसं असेल तर नवा सेन्सर निर्धास्त बसवा. कमी असेल तर गाडी हंगामाच्या फेऱ्यांवर पाठवू नका. रिलीफ व्हॉल्व्हमधला (जादा प्रेशर सोडणाऱ्या झडपेतला) कचरा किंवा तुटलेली स्प्रिंग, चेंबरमधली तुंबलेली जाळी, पंप, आणि शेवटी मेन व कनेक्टिंग रॉडची बेअरिंग, या क्रमाने तपासून घ्या. बेअरिंग शेल वेळेवर बदलले तर क्रँक वाचतो.

बसवताना इंजिन पुन्हा निवू द्या, बॅटरी काढा आणि जुना-नवा सेन्सर शेजारी ठेवा : आटे, डबीवरचा बारचा आकडा, टर्मिनलची संख्या. आटे निमुळते असतील तर टोकाचे दोन आटे कोरे सोडून सीलंटचा पातळ थर द्या. कंपनीतूनच रंगीत सीलंट लावून आला असेल तर वर काही लावू नका. आटे सरळ असतील तर सील वायसर किंवा ओ-रिंग करते, वायसर नवीनच घाला. पहिले तीन वळसे हातानेच गेले पाहिजेत. नंतर मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, 1/8 इंची निमुळत्या आट्याला तो साधारण 10 ते 15 न्यूटन मीटर असतो. फिल्टर हेड ॲल्युमिनियमचं असतं, जोर जास्त झाला की ते चिरतं.

कनेक्टर आणि बॅटरी जोडा. चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, दिवा लागलाच पाहिजे. सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे, दहा सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. दहा मिनिटं चालवून टॉर्चच्या उजेडात सेन्सरचं बुड बघा, पुसून ठेवा, पहिल्या फेरीनंतर परत बघा.

प्रश्न : नवा सेन्सर बसवल्यापासून काटा आधीपेक्षा जवळपास दुप्पट प्रेशर दाखवतो. इंजिन सुधारलं असं समजावं का? – गडहिंग्लज

उत्तर : नाही. एवढ्याने इंजिनचं प्रेशर वाढत नाही, मीटर चुकीचं सांगतंय. 10 बारच्या मीटरला 5 बारचा सेन्सर लागला की काटा दुप्पट दाखवतो. उलटं झालं तर निम्मं. दोघांचे आटे सारखे असतात, म्हणून दुकानात गफलत होते. डबीवरचा आकडा वाचा.

दुसरं कारण जास्त घातक आहे. एका वायरचा सेन्सर इंजिनच्या धातूतूनच अर्थ घेतो. आट्यांवर टेफलॉन टेप जाड गुंडाळली की अर्थ कच्चा होतो. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत शून्य प्रेशरला सुमारे 10 ओहम आणि पूर्ण प्रेशरला सुमारे 180 ओहम असा सेन्सर असतो. त्यात कच्च्या अर्थचा रोध मिळवला जातो आणि काटा वर चढतो. म्हणजे प्रेशर पडत असताना मीटर भरपूर दाखवतं. दिव्याच्या स्विचचा अर्थ तुटला तर इंजिन कोरडं पडलं तरी दिवा लागत नाही. टेप काढा, आटे साफ करा. टेपचे तुकडे आत गेले असतील तर ते बारीक छिद्रं बुजवतात, म्हणून भोकातले चिमट्याने वेचून काढा.

प्रश्न : बीएस-6 गाडी आहे. स्कॅनरवर एसपीएन 100 येतो आणि गाडीची ताकद कमी होते. सेन्सर बदलला तरी कोड परत आला. – शिरोली एमआयडीसी

उत्तर : एसपीएन 100 म्हणजे इंजिन ऑईल प्रेशर, एवढंच. खरी माहिती त्याच्यापुढच्या एफएमआय आकड्यात असते, बिघाड कसला ते तो सांगतो. 3 किंवा 4 असेल तर सिग्नलचं व्होल्टेज मर्यादेबाहेर आहे, वायरिंग किंवा सेन्सर बघा. 1 किंवा 18 असेल तर ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सिग्नल नीट मिळतोय आणि तो कमी प्रेशर सांगतोय. तिथं सेन्सर बदलणं म्हणजे पैसे वाया, गेज लावा.

वायरिंगसाठी कनेक्टर काढून चावी ऑन करा. तीन पिनपैकी एकीवर 5 व्होल्ट, एक अर्थ. कनेक्टर लावून, इंजिन बंद असताना, सिग्नलवर बहुतेक सेन्सर 0.5 व्होल्टच्या आसपास देतात. 5 व्होल्टच येत नसतील तर त्याच पुरवठ्यावरचा दुसरा एखादा सेन्सर शॉर्ट झालेला असू शकतो, एकेक काढून बघा. टेस्ट लॅम्प या वायरींना लावू नका, मल्टिमीटरच वापरा.

प्रश्न : नवा सेन्सर तीन वळसे गेला आणि अडकला. आवळू का? – जयसिंगपूर

उत्तर : अजिबात नको, उलटा फिरवून काढा. 1/8 एनपीटीला (अमेरिकी मापाचा आटा) इंचात 27 आटे असतात, 1/8 बीएसपीला (ब्रिटिश मापाचा) 28, आणि एम10 ला (मेट्रिक मापाचा) बहुधा 1 मिमीची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. तिन्हींची जाडी 10 मिमीच्या आसपास, डोळ्याला फरक कळत नाही आणि सुरुवातीला तिन्ही एकमेकांत शिरतात. पिच गेजचं पातं जुन्या आट्यांवर टेकवून उजेडाकडे धरा, फट दिसली तर ती पिच नव्हे.

प्रश्न : माल भरून करूळ घाट चढताना ऑईलचा दिवा लागतो, सपाटीला काहीच नाही. सेन्सर लूज असेल का? – गगनबावडा

उत्तर : चढणीला इंजिन रेसवर असतं, तेव्हा प्रेशर जास्त हवं. तिथं दिवा लागणं गंभीर आहे. ऑईल कमी असेल तर चढावर ते चेंबरच्या मागं सरकतं आणि जाळी हवा ओढते. दिवा लागताक्षणी कडेला घेऊन इंजिन बंद करा आणि सपाटीला आणल्यावर पातळी बघा. पातळी बरोबर निघाली तर चेंबर उतरवून जाळी आणि सक्शन पाईपचा जोड तपासा. वायर घासतेय का ते त्यानंतर बघा.