वाचकांचे प्रश्न : विंडोज, मॅक की लिनक्स?

प्रश्न : माझ्या मुलीला यंदा अभियांत्रिकी पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे. तिच्या मैत्रिणी मॅक घ्यायला सांगतात, माझे कार्यालयातील सहकारी विंडोजशिवाय गत्यंतर नाही असे म्हणतात, तर तिचा मावसभाऊ लिनक्सचा आग्रह धरतो. लॅपटॉप चार वर्षांच्या अभ्यासाला पुरावा आणि घरच्या रोजच्या कामांनाही उपयोगी पडावा, अशी अपेक्षा आहे. निवड कशी करावी?
— एक पालक

उत्तर : सल्ला देणारे तिघेही आपापल्या कामापुरते खरेच सांगत आहेत, अडचण एवढीच की त्यांचे काम आणि आपल्या मुलीचा अभ्यास एक नाही. म्हणून प्रणालीचे, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे, नाव बाजूला ठेवून, तिच्या शाखेत चारही वर्षांत कोणकोणती सॉफ्टवेअर वापरावी लागतात याची यादी आधी विभागातून किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून मिळवावी. ती हाती आली की बराचसा गुंता आपोआप सुटतो. यंत्र अभियांत्रिकीत वापरले जाणारे सॉलिडवर्क्स आणि इमारतींच्या आराखड्यांसाठीचे रेव्हिट ही दोन्ही केवळ विंडोजसाठी बनलेली आहेत. ऑटोकॅडची मॅकसाठी वेगळी आवृत्ती आहे, पण विंडोजच्या आवृत्तीतील सगळ्या सोयी तिच्यात नाहीत. उलट, आयफोनसाठी ॲप तयार करायचे असेल तर एक्सकोड हे ॲपलचे सॉफ्टवेअर लागते आणि ते फक्त मॅकवरच चालते. मॅटलॅब, पायथन, आर, लेटेक या साधनांच्या आवृत्त्या तिन्ही प्रणालींसाठी मिळतात.

‘मॅक घ्या आणि त्यावरच विंडोजही बसवा’ असा सल्ला अजूनही दिला जातो, तो आता जुना झाला आहे. इंटेलचे प्रोसेसर असलेल्या मॅकवर ॲपलच्या बूट कॅम्प या सोयीच्या साहाय्याने विंडोज बसवता येत असे. नोव्हेंबर 2020 मध्ये एम1 ही ॲपलची स्वतःची चिप आली आणि तेव्हापासूनच्या ॲपल चिपच्या मॅकवर ती सोय उरली नाही. आता व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने संगणकाच्या आत उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, विंडोजची एआरएम (ॲपल चिपच्या जातीच्या प्रोसेसरसाठीची) आवृत्ती चालवता येते. पण इंटेल प्रोसेसरसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर तिथे भाषांतराच्या थरातून चालतात, आणि त्रिमितीय आरेखनाची अवजड सॉफ्टवेअर तशी व्यवस्थित चालतीलच असे गृहीत धरून लॅपटॉप घेणे मला योग्य वाटत नाही. असे असले तरी मॅकची बाजू दुबळी नाही. या चिपमुळे बॅटरी बराच वेळ टिकते, मॅकबुक एअर या मॉडेलला 2020 पासून पंखाच नसल्यामुळे ते आवाज करीत नाही, आणि मॅकची प्रणाली युनिक्सच्या पायावर उभी असल्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला कमांड लाइनवरची, म्हणजे आज्ञा टंकून चालवायची, बहुतेक साधने तिच्यावर सहज मिळतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीने मॅक घेतला तर तिचे काही अडणार नाही.

मावसभावाचे म्हणणेही सोडून देण्यासारखे नाही. इंटरनेटवरील सर्व्हर मोठ्या प्रमाणावर लिनक्सवर चालतात आणि ती प्रणाली हाताळता येणे हे अभियंत्याच्या दृष्टीने भांडवलच आहे. मात्र त्यासाठी संपूर्ण लॅपटॉप लिनक्सच्या हवाली करण्याची गरज आता राहिलेली नाही. विंडोजमध्ये 2016 पासून लिनक्ससाठीची उपप्रणाली उपलब्ध आहे. ती सुरू केली की उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली विंडोजच्याच आत एका खिडकीत वापरता येते. शिवाय एक व्यावहारिक गोष्ट आहे : घरून द्यायच्या ऑनलाइन परीक्षांवर देखरेख करणारी अनेक सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि मॅकसाठी असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री हे लक्षात येण्यापेक्षा आधीच विचारून ठेवणे बरे.

गटाने करायच्या प्रकल्पांत वेगवेगळ्या प्रणालींचे लॅपटॉप एकत्र येतात, तेव्हा होणारा एक घोटाळा इथे सांगून ठेवतो, कारण त्यात नवख्या विद्यार्थ्यांचे तासन्‌तास वाया जाताना मी पाहिले आहेत. फाइलचे नाव ठेवताना पहिले रोमन अक्षर मोठ्या लिपीत लिहिले आणि प्रोग्रॅममध्ये तेच नाव पूर्ण लहान लिपीत लिहिले, तरी विंडोजवर ती फाइल उघडते, कारण विंडोज नेहमीच्या मांडणीत मोठ्या आणि लहान अक्षरांत फरक करीत नाही. मॅकही मूळ मांडणीत करीत नाही. लिनक्स मात्र ती दोन वेगळी नावे मानते आणि फाइल सापडत नाही असे सांगून थांबते. प्रोग्रॅम तोच, फाइल तीच; तरीही एकीच्या लॅपटॉपवर काम होते आणि दुसरीच्या लॅपटॉपवर होत नाही, आणि मुले बिचारी गणितातली चूक शोधत बसतात. सगळी नावे लहान अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता लिहायची, असे गटाने पहिल्याच दिवशी ठरवले की हा प्रश्न उद्भवत नाही. नावात विसर्गचिन्हासारखा दिसणारा कोलनही नको. तसे नाव लिनक्सवर चालते, विंडोज ते स्वीकारत नाही.

तेव्हा माझे मत असे : शाखा यंत्र, स्थापत्य किंवा तत्सम असेल तर विंडोजचा लॅपटॉप घ्यावा; संगणकशास्त्र असेल तर विंडोज किंवा मॅक यांपैकी मुलीला जे सरावाचे वाटेल ते घ्यावे, कारण वापरणार ती आहे. कोणताही घेतला तरी मेमरी (रॅम) 16 जीबीपेक्षा कमी नसावी. ॲपल चिपच्या मॅकबुकमध्ये आणि विंडोजच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्येही मेमरी कायमची जोडलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. प्रोसेसरची पुढची पायरी गाठण्यासाठी मेमरीत काटकसर करणाऱ्याला तिसऱ्या वर्षी पश्चात्ताप होतो.

प्रश्न : माझ्याकडील डेस्कटॉपवर विंडोज 10 आहे आणि त्यावर विंडोज 11 चालणार नाही असा संदेश येतो. संगणक उत्तम चालतो. मी पत्रव्यवहार, थोडे लेखन, बँकेचे व्यवहार आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे एवढेच करतो. तो मोडीत काढावा का?
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : मुळीच नाही, पण आहे तसा वापरत राहणेही योग्य नाही. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अद्यतने (अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव अद्यतने मिळण्याची योजना कंपनीने जाहीर केली, ती तात्पुरती सोय समजावी. अद्यतने बंद झाल्यावर संगणक बंद पडत नाही, म्हणूनच फसगत होते : नव्याने उघड होणाऱ्या त्रुटी तशाच उघड्या राहतात, आणि अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत असे मी आपल्याला कळकळीने सांगेन.

आधी तो संदेश नेमका कशामुळे येतो ते पाहावे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. काही संगणकांत ती असूनही सेटिंगमध्ये बंद ठेवलेली असते; ती सुरू केली की काम होते. मात्र प्रोसेसरच आधीच्या पिढीचा असेल, म्हणजे इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीच्या मागचा असेल, तर लिनक्सचा विचार करावा. आपल्या कामांना लिनक्स मिंट किंवा उबुंटूची दीर्घ पाठबळाची आवृत्ती पुरेशी आहे. उबुंटूच्या अशा आवृत्तीला 5 वर्षे अद्यतने मिळतात. फायरफॉक्स, पत्रलेखनासाठी लिब्रेऑफिस, व्हिडिओसाठी व्हीएलसी यांची ओळख आपल्याला विंडोजवरच करून घेता येईल, म्हणजे प्रणाली बदलल्यावर सगळेच एकदम नवे वाटणार नाही.

मिंट आणि उबुंटू या दोन्ही प्रणाली पेन ड्राइव्हवरून थेट सुरू करून पाहता येतात. तेवढ्याने डिस्कवरील काही पुसले जात नाही. तशी चाचणी घेताना केवळ पडदा पाहून समाधान मानू नये. वाय-फाय जोडला जातो का, कॅमेरा आणि माइक चालतात का, आपल्या प्रिंटरवर एक पान छापले जाते का, आणि संगणक निद्रावस्थेत जाऊन नीट जागा होतो का, हे स्वतः करून पाहावे. लिनक्सवर अडचण आली तर बहुधा यांपैकीच एका ठिकाणी येते. सगळे जुळले, तरी प्रत्यक्ष बसवण्यापूर्वी छायाचित्रे आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घेऊन, तिथून एखाददुसरी उघडून खात्री करावी. आणि घरात किंवा ओळखीत लिनक्स जाणणारे कोणी असेल, तर हा दिवस त्यांच्या सवडीने ठरवावा. अडल्यावेळी विचारायला माणूस असणे, हे प्रणालीच्या कोणत्याही गुणाइतकेच महत्त्वाचे आहे.

प्रश्न : माझा प्रबंध मी विंडोजवर वर्डमध्ये मराठीत लिहिते. मार्गदर्शक लिनक्सवर लिब्रेऑफिस वापरतात. त्यांच्याकडे फाइल उघडली की पाने पुढेमागे होतात आणि एका जुन्या प्रकरणात तर नुसती निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. मीही प्रणाली बदलावी का?
— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : प्रणाली बदलण्याची आवश्यकता नाही, दोष फाँटचा आहे. मंगल हा फाँट विंडोजबरोबर येतो, लिनक्सवर तो नसतो. तिथे दुसरा फाँट घेतला जातो, अक्षरांची रुंदी बदलते आणि त्याबरोबर ओळी व पाने सरकतात. नोटो सान्स देवनागरी हा फाँट मोफत असून तिन्ही प्रणालींवर बसवता येतो. आपण आणि मार्गदर्शक दोघांनीही तोच वापरावा. नवे प्रकरण नव्या पानावर नेण्यासाठी एंटर दाबत जाऊ नये, पृष्ठखंड (पेज ब्रेक) घालावा. अंतिम मांडणी दाखवायची असेल तेव्हा पीडीएफ पाठवावी.

जुन्या प्रकरणाचे कारण निराळे आहे. ते युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत रूढ होण्याआधीच्या फाँटमध्ये, टंकलेले असणार. त्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फाँट नसेल तिथे मूळची रोमन अक्षरेच दिसतात. परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरून तो मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावेत, कारण परिवर्तनात चुका बहुधा तिथेच होतात.

फाइलींची देवाणघेवाण बाहेरच्या डिस्कवरून होत असेल, तर ती एक्सफॅट पद्धतीने तयार (फॉरमॅट) केलेली असावी. ती विंडोज, मॅक आणि आजच्या लिनक्सवर वाचताही येते आणि तिच्यावर लिहिताही येते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅकवर नुसती वाचता येते. एक्सफॅटमध्ये बदलांची नोंद ठेवण्याची व्यवस्था नसल्याने लिहिणे चालू असताना डिस्क ओढून काढली तर मजकूर गमावण्याचा धोका अधिक असतो, म्हणून प्रत्येक वेळी ती प्रणालीतून रीतसर विलग करूनच काढावी आणि प्रबंधाची एक प्रत दुसरीकडेही ठेवावी.